कयाकला नंबर लागतो का? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

या वेळी आलेल्या प्रश्नांपैकी बरेचसे कयाक आणि छोट्या होड्यांच्या कागदपत्रांबद्दलचे निघाले, म्हणून ते सगळे एकत्रच घेतलेत. बाकीच्यांनी रागावू नका, तुमचे प्रश्न जपून ठेवलेत.

प्रश्न : मी अमेरिकेत ओहायोमध्ये राहतो. नुकतीच एक सेकंडहँड कयाक घेतली, साधी प्लास्टिकची, दहा-साडेदहा फुटांची. विकणारा म्हणाला वल्ह्याने चालणाऱ्या होडीला कसलं आलंय रजिस्ट्रेशन, बिनधास्त टाका पाण्यात. ऑफिसमधला एक जण म्हणतो लागतं. नेटवर बघायला गेलो तर जितकी तोंडं तितकी उत्तरं. नक्की खरं काय?

उत्तर : ऑफिसवाला बरोबर आहे, निदान तुमच्या राज्यापुरता तरी. आणि विकणाराही अगदी खोटं बोलला असं नाही, कारण अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत तो म्हणतो तसंच आहे. गोंधळ होतो तो इथेच. फेडरल, म्हणजे देशपातळीवरच्या, कायद्याचं म्हणणं एवढंच की होडीला पुढे ढकलणारं कुठलंही यंत्र बसवलेलं असेल तर ती मुख्यतः ज्या राज्यात वापरता तिथला नोंदणीचा नंबर घ्या. नुसत्या वल्ह्याच्या होडीचं काय करायचं ते राज्यांवर सोडलंय, आणि राज्यांनी जो तो आपल्या मर्जीने नियम केलाय. ओहायोत कयाक, कनू (वरून उघडी, लांबट होडी), साधी वल्ह्याची होडी या सगळ्यांना रजिस्ट्रेशन लागतं, ते तीन वर्षं चालतं, पण हाताने चालवायच्या होड्यांना एक सोपा पर्यायही ठेवलाय ज्यात मोठे नंबर रंगवत बसावं लागत नाही, नुसता स्टिकर लावला की झालं. तो पर्याय मागून घ्या. मिनेसोटात बिनमोटरच्या होडीची लांबी १० फुटांपेक्षा जास्त असली की लायसन्स लागतं, आयोवात कयाक-कनूसाठी हीच रेषा १३ फुटांवर आहे, आणि पेनसिल्व्हेनियात तर होडी बघतच नाहीत, तुम्ही ती पाण्यात कुठून सोडताय ते बघतात, म्हणजे सरकारी धक्क्यावरून किंवा स्टेट पार्कमधून सोडणार असाल तर परमिट नाहीतर रजिस्ट्रेशन यातलं एक दाखवा. त्यामुळे नेटवर उत्तर वाचताना आधी बघा की लिहिणारा राहतो कुठे. तेवढं बघितलं तरी अर्धे वाद मिटतात.

सेकंडहँड घेतलीय म्हणून अजून एक. कयाकच्या मागच्या टोकाला उजव्या बाजूला १२ अक्षर-आकड्यांचा एक क्रमांक कोरलेला असतो, त्याला हल आयडेंटिफिकेशन नंबर म्हणतात. १ नोव्हेंबर १९७२ नंतर अमेरिकेत विकायला बनलेल्या होड्यांवर तो असायलाच पाहिजे, कयाकसुद्धा त्यात आली. पहिली तीन अक्षरं बनवणाऱ्या कंपनीची, पुढची पाच त्या नगाची, शेवटची चार महिना आणि वर्षाची. आय, ओ आणि क्यू ही अक्षरं नगाच्या क्रमांकात वापरत नाहीत कारण ती एक आणि शून्यासारखी दिसतात, म्हणजे तुम्हाला तिथे ओ वाटला तर तो शून्य आहे, फॉर्म भरताना लक्षात ठेवा. विकणाऱ्याने दिलेल्या पावतीवर हाच क्रमांक, दोघांच्या सह्या आणि तारीख नसेल तर त्याला फोन करून आजच लिहून घ्या. आणि क्रमांक खरवडून काढलेला दिसला तर तो माल चोरीचा असू शकतो, मग स्वस्त मिळाला म्हणून खूश होण्यात अर्थ नाही.

प्रश्न : मासेमारीला जातो म्हणून कयाकला छोटी इलेक्ट्रिक मोटर लावायचा विचार आहे. बॅटरीवरची, आवाजसुद्धा येत नाही. एवढ्याशा मोटरसाठी पण नंबर? आणि पायाने पेडल मारायच्या कयाकचं काय?

उत्तर : हो, एवढ्याशा मोटरसाठी पण! आवाज येतो की नाही याच्याशी कायद्याला काही देणंघेणं नाही. अमेरिकेत वर सांगितलं तसं "कुठलंही यंत्र" आहे, मग ते पेट्रोलचं असो नाहीतर बॅटरीचं. पेडलच्या कयाकला मात्र ताकद तुमच्याच पायांची, त्यामुळे ती वल्ह्याच्याच गटात.

काही देशांत एवढं कडक नाही, तिथे मोटरच्या ताकदीवर ठरतं. कॅनडात १० हॉर्सपॉवर किंवा त्याहून मोठं इंजिन असलं की प्लेझर क्राफ्ट लायसन्स, म्हणजे मौजेच्या होडीचं लायसन्स, लागतं. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये ३ किलोवॉटपासून रजिस्ट्रेशन आणि शेजारच्या न्यू साउथ वेल्समध्ये ४ किलोवॉटपासून, म्हणजे साडेतीन किलोवॉटची मोटर घेऊन नुसती हद्द ओलांडली तरी नियम बदलतो. न्यूझीलंडमध्ये मौजेच्या होड्यांसाठी देशपातळीवरचं रजिस्ट्रेशनच नाहीये, सुखी लोक.

आता नंबर घ्यायचाच म्हटल्यावर तो नीट लावा, कारण अडवतात ते बहुतेक यावरूनच. अमेरिकेचा नियम सांगतो : होडीच्या पुढच्या अर्ध्या भागात दोन्ही बाजूंना, साधी ठसठशीत अक्षरं, उंची कमीत कमी ३ इंच, रंग होडीच्या रंगावर उठून दिसणारा, डावीकडून उजवीकडे वाचता येईल असा, आणि अक्षरं व आकडे यांच्यात मोकळी जागा किंवा आडवी रेघ. राज्याचा स्टिकर त्या नंबरापासून ६ इंचांच्या आत. हवा भरून फुगवायची कयाक असेल आणि तिच्यावर अक्षरं टिकत नसतील किंवा दिसत नसतील तर छोट्या पाटीवर नंबर रंगवून ती पाटी बांधा, नियमात तशी सोय आहे. रजिस्ट्रेशनचं कार्ड घरी कपाटात ठेवू नका, होडी चालू असताना ते बरोबर असलं पाहिजे, वॉटरप्रूफ पाकिटात टाका.

अजून एक, जे मोटर घेताना दुकानात कोणी सांगत नाही. रात्री किंवा पहाटे अंधारात जात असाल तर समुद्रावरच्या टक्कर टाळण्याच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांत वल्ह्याच्या होडीला मोठी सवलत आहे, हाताशी पांढऱ्या उजेडाचा टॉर्च ठेवायचा आणि समोरून कोणी आलं की वेळेत दाखवायचा, बास. मोटर चालू केली की ही सवलत गेली, मग यंत्रावरच्या बोटीचे दिवे लावायला लागतात. मासेमारीवाले नेमके पहाटेच निघतात म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

प्रश्न : इंग्लंडमध्ये कालव्यावर कयाकिंग करताना एकाने लायसन्स विचारलं. स्कॉटलंडला गेलो होतो तिथे कोणी काही विचारलं नाही. देश एकच ना? आणि माझी कयाक रजिस्टर नाहीये म्हणजे मी गुन्हा केला का?

उत्तर : घाबरू नका. तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी एकात घातल्यात. रजिस्ट्रेशन म्हणजे ही होडी कोणाची याची नोंद, आणि तुम्हाला विचारलं ते त्या पाण्यावर यायचं लायसन्स. जमिनीचा सातबारा आणि थिएटरचं तिकीट यात जेवढा फरक तेवढाच. इंग्लंड-वेल्समधले बरेच कालवे कॅनॉल अँड रिव्हर ट्रस्टकडे आहेत, २०१२ पासून, त्याआधी ते ब्रिटिश वॉटरवेजकडे होते. त्यांच्या पाण्यावर कयाकलाही लायसन्स लागतं. थेम्स नदीचा भरती-ओहोटी न पोचणारा भाग एन्व्हायर्नमेंट एजन्सीकडे, नॉरफोकमधले ब्रॉड्स (नद्या आणि उथळ तळ्यांचा भाग) ब्रॉड्स अथॉरिटीकडे, तिथे टोल. प्रत्येकाकडून वेगळं घेत बसण्यापेक्षा पॅडल यूके या वल्हवणाऱ्यांच्या संघटनेची वैयक्तिक मेंबरशिप घ्या, तिच्यात यातल्या बऱ्याच ठिकाणचं लायसन्स येतं, मेंबरशिपचं कार्ड मात्र बरोबर ठेवा. स्कॉटलंडमध्ये २००३ च्या जमीन सुधारणा कायद्याने लोकांना जमिनीवर आणि नद्या-तलावांवर जबाबदारीने फिरायचा हक्कच दिलाय, म्हणून तिथे कोणी विचारलं नाही.

नोंदणीचं म्हणाल तर ब्रिटनमध्ये २४ मीटरपेक्षा छोट्या बोटींसाठी स्मॉल शिप्स रजिस्टर आहे, नोंद पाच वर्षं चालते, पण ती मुख्यतः बोट परदेशात न्यायची असेल त्यांच्या कामाची. कालव्यातल्या कयाकवाल्याने त्याची काळजी करायचं कारण नाही.

प्रश्न : ओहायोचा स्टिकर लावून सुट्टीत दुसऱ्या राज्यात कयाक नेली तर चालते का?

उत्तर : चालते. एका राज्याचा नंबर असलेली होडी दुसऱ्या राज्यात सलग ६० दिवस चालवता येते, त्याच्या पुढे तिथेच राहिलात तर तिथलं घ्या. पण काही राज्यांत रजिस्ट्रेशनशी काहीही संबंध नसलेला एक वेगळा स्टिकर असतो, तो बाहेरच्यांनाही लागतो. उदाहरणार्थ आयडाहो, तिथे इन्व्हेझिव्ह स्पीशीज (बाहेरून येऊन फोफावणारे जीव) रोखण्यासाठीचा स्टिकर घ्यावा लागतो, बिनमोटरच्या होड्यांनाही, फक्त १० फुटांच्या आतल्या हवेच्या होड्यांना सूट. कारण खरंच गंभीर आहे : होडीला चिकटून क्वागा आणि झेब्रा जातीचे शिंपले एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात जातात आणि पाइप, पंप, धरणाच्या जाळ्या सगळं बंद करून टाकतात. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये आयडाहोतच स्नेक नदीत क्वागा सापडला होता. पैसे घेतात म्हणून कुरकुर करू नका, आणि निघताना कयाक धुवून, पाणी काढून, वाळवून गाडीवर चढवा.

प्रश्न : मी स्वतः प्लायवूडची होडी बनवतोय. तिला कंपनीचा क्रमांकच नाही, मग रजिस्टर कशी करणार?

उत्तर : अमेरिकेत राज्याचा माणूस येऊन (किंवा तुम्ही होडी घेऊन जाऊन) तपासणी होते आणि राज्यच क्रमांक देतं. लाकूड, इपॉक्सी, स्क्रू, सगळ्याच्या पावत्या ठेवा आणि काम चालू असतानाचे फोटो काढून ठेवा, होडी तुम्हीच बनवलीत याचा पुरावा तोच. युरोपियन युनियनमध्ये स्वतःसाठी बनवलेली होडी २०१३ च्या रिक्रिएशनल क्राफ्ट डायरेक्टिव्हमधून, म्हणजे मौजेच्या बोटींच्या नियमांतून, सुटते, अट अशी की वापर सुरू केल्यापासून पाच वर्षं ती बाजारात विकायची नाही. निव्वळ हाताने चालणारे कयाक आणि कनू तर त्या नियमातून आधीच वगळलेत, आणि त्याच यादीत व्हेनिसवाल्यांचे गोंडोलेही आहेत!

प्रश्न : आणि भारतात?

उत्तर : नद्या, तलाव, खाड्या अशा आतल्या पाण्यासाठी २०२१ चा इनलँड व्हेसल्स ॲक्ट आहे, त्याने १९१७ चा जुना कायदा मोडीत काढला. इंजिनवाल्या बोटीला आधी सर्व्हे, मग रजिस्ट्रेशन, आणि नव्या कायद्यात एका राज्याचं सर्टिफिकेट दुसऱ्या राज्यात चालतं. बिनइंजिनच्या होड्यांसाठी वेगळं प्रकरण आहे, ते काम राज्यं आणि स्थानिक संस्थांवर सोपवलंय, म्हणून विचारायचं ते तिथेच. धरण किंवा अभयारण्य असेल तर ते ज्या खात्याच्या ताब्यात आहे त्याची परवानगी ही वेगळी गोष्ट, वर इंग्लंडच्या उत्तरात सांगितलं तीच भानगड.

प्रश्न : आमच्याकडे रजिस्ट्रेशन लागतच नाही. मग काहीच करायचं नाही ना?

उत्तर : कागदाचं नाही. पण कयाकच्या आत न पुसणाऱ्या मार्करने नाव आणि फोन नंबर लिहा, आजच. रिकामी कयाक वाहत जाताना दिसली की बचावपथकाला माणूस बुडालाय असंच धरून शोध सुरू करावा लागतो, आणि तुम्ही घरी चहा पीत असता कारण वाऱ्याने ती रात्री किनाऱ्यावरून ओढून नेलेली असते. एका फोनने शोध थांबतो. अमेरिकेत कोस्ट गार्ड ऑक्झिलरी (तटरक्षक दलाची स्वयंसेवकांची शाखा) यासाठीच "सापडल्यास कळवा" असे स्टिकर देते. लाइफ जॅकेट आणि शिट्टी तर हवीच, ती नंबर नसलेल्या होडीलाही माफ नाही.

प्रश्न : स्टँड-अप पॅडलबोर्ड (उभं राहून वल्हवायची फळी) पण होडी धरतात का? उगाच विचारतेय.

उत्तर : उगाच नाही. अमेरिकेच्या कोस्ट गार्डने २००८ मध्येच ठरवून टाकलंय की पोहण्याच्या, सर्फिंगच्या राखीव पट्ट्याबाहेर गेलात की ती होडी. म्हणजे बोर्डवर लाइफ जॅकेट पाहिजे.