जिभेवर ताबा नाही, की निरोप उशिरा पोचतो?

समुपदेशन करताना मधुमेह असलेल्या माणसांच्या तोंडून एक वाक्य मी वरचेवर ऐकते: "मॅडम, माझा जिभेवर ताबाच नाही." पन्नाशीच्या एक बाई (ओळखीचे तपशील बदललेत) हेच म्हणता म्हणता रडू लागल्या. घरचेही तसंच टोचून बोलायचे. दिवसभर जेमतेम दोन घास, आणि रात्री तडस लागेपर्यंत जेवण.

ताब्याचा विषय मी बाजूला ठेवला. "रात्रीचं जेवण किती वेळात उरकतं?"

"पाच-सात मिनिटांत. भूकच तेवढी असते हो."

पोट रिकामं राहिलं की जठरातून घ्रेलिन हे भुकेचं संप्रेरक स्रवतं आणि भूक खवळते. दिवसभराच्या उपाशीपणाचा हिशेब ते रात्री वसूल करतं. अन्न आतड्यात उतरलं की सीसीके, जीएलपी-१ ही पोट भरल्याची खबर देणारी संप्रेरकं सुटतात. जीएलपी-१ तर रक्तात दोनेक मिनिटांत निकामी होतं, पण आतड्यालगतच पोट आणि मेंदू जोडणाऱ्या व्हेगस मज्जातंतूची टोकं असतात. पोटातली खबर तिथून मेंदूच्या बुडाशी जाते. या मज्जातंतूतले बहुतेक तंतू मेंदूचे हुकूम खाली आणत नाहीत, पोटाची खबर वर नेतात. (हे ऐकून बाईंनी डोळे पुसले आणि वही काढली.) स्वादुपिंड इन्सुलिनबरोबर अमायलिन नावाचं संप्रेरकही सोडतं. त्यानं जठर सावकाश रिकामं होतं, साखर एकदम चढत नाही. जुन्या मधुमेहात हे अमायलिनही कमी पडतं. "पुरे" हे कळायला साधारण १५ ते २० मिनिटं लागतात. यांचं ताट त्याआधीच रिकामं.

"म्हणजे दोष माझा नाही?"

"भूक लागण्यात कसला दोष? वेळा मात्र बदलता येतील."

बोलता बोलता त्या सहज म्हणाल्या, संध्याकाळी हात थरथरतात, घाम फुटतो, मग समोर दिसेल ते खाते. इथे मी समुपदेशन थांबवलं. मधुमेहाच्या काही गोळ्यांनी रक्तातली साखर गरजेपेक्षा खाली जाते, आणि तेव्हाची भूक समजावून शमत नाही. तसं होईल तेव्हा लगेच ग्लुकोमीटरवर तपासा, ७० च्या खाली असेल तर आधी साखर खा, आणि आकडा डॉक्टरांना दाखवा, असं सांगितलं. आकडा निघाला ६२. डॉक्टरांनी गोळीचा डोस बदलला.

दुपारचं जेवण आता चुकत नाही. रात्री अर्ध्यावर त्या ताट बाजूला सारून थोडं थांबतात. कधी जमतं, कधी नाही. "परवा जास्तच खाल्लं," गेल्या भेटीत त्या म्हणाल्या, आणि लगेच पुढच्या तपासणीच्या तारखेबद्दल विचारू लागल्या.