बाइक जागेवर किती वेळ तापवावी?

प्रश्न : माझी जुनी, कार्ब्युरेटरवाली 150 सीसी बाइक आहे. सकाळी पणजीला निघण्याआधी ती चोक (थंड इंजिनाला जास्त पेट्रोल मिळवून देणारी कळ) ओढून पाच-सात मिनिटं स्टँडवर चालू ठेवतो. शेजारी म्हणतात, पेट्रोल फुकट जाळतोस. खरं काय? – एक वाचक, म्हापसा

उत्तर : शेजाऱ्यांचं बरोबर आहे. ऑइल वर हेडपर्यंत (इंजिनाच्या वरच्या भागापर्यंत) पोचायला काही सेकंद पुरतात, आणि गोव्यात कडाक्याची थंडी असते कुठे? चोक पूर्ण ओढून, ॲक्सिलरेटर न पिळता स्टार्ट करा. पंधरा-वीस सेकंदांनी चोक अर्धा करा, आयडलिंग (ॲक्सिलरेटर न पिळता इंजिन चालणं) स्थिर झालं की चोक बंद. एकूण मिनिटभर. मग पहिले दोन-तीन किलोमीटर 4000 आरपीएमच्या (इंजिनाच्या मिनिटाला फेऱ्यांच्या) आत हळू चालवा. लोडवर, म्हणजे गाडी ओढताना, इंजिन लवकर आणि सारखं तापतं, गिअरबॉक्सही सोबत तापतो.

चोक बंद करायला विसरलात तर जास्तीचं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन खाली ऑइलमध्ये उतरतं. स्पार्क प्लग काढून पाहा : टोकावर कोरडी काळी काजळी असेल तर हेच कारण असू शकतं. शिवाय एअर-कूल्ड इंजिनाला उभ्या गाडीत वारा मिळत नाही. थंड इंजिन रेस करणं तर सगळ्यात वाईट.

पावसाळ्यात बाजारापुरतीच गाडी काढत असाल तर ऑइल भरायचं झाकण उघडून बघा. आत दुधाळ फेस दिसला तर ते बहुधा साचलेलं बाष्प; आठवड्यातून एकदा सलग वीस-पंचवीस किलोमीटर चालवा. तरीही फेस राहिला तर ऑइल बदला.

फ्युएल इंजेक्शनच्या गाडीला चोकची भानगड नाही, ईसीयू (इंजिन सांभाळणारा छोटा कॉम्प्युटर) स्वतःच आयडलिंग वाढवतो.