इस्लाममध्ये स्त्रीला वारसाहक्क खरोखर असतो का? असल्यास किती?

तुम्ही विचारलंय की हा हक्क खरा आहे की नुसता सांगण्यापुरता, आणि मुलीला नेहमी निम्मंच का मिळतं. हक्क खरा आहे आणि अपूर्णांकांत ठरलेला आहे. तो बुडतो तो वाटपाच्या वेळी. खालचं सगळं सुन्नी, त्यातही हनफी पद्धतीप्रमाणे (सुन्नींमधली एक कायदेपरंपरा) सांगते. शिया पद्धतीत काही निकाल वेगळे येतात. उदाहरणार्थ, मुलगी हयात असेल तर तिथे मृताच्या भावाला काहीच मिळत नाही.

कुराणातल्या चौथ्या सूरेत (प्रकरणात), अन-निसामध्ये, आयत (वचन) ७, ११, १२ आणि १७६ मध्ये हे नियम आहेत. त्यांच्यासंबंधीची एक हदीस, म्हणजे पैगंबरांच्या वचन-कृतींची परंपरेने आलेली नोंद, मला सगळ्यात बोलकी वाटते. उहुदच्या लढाईत (इ.स. ६२५) साद बिन रबी मारले गेले आणि त्यांच्या भावाने सगळी मालमत्ता ताब्यात घेतली. त्यांची विधवा दोन मुलींना घेऊन पैगंबरांकडे गेली. निकाल असा झाला: मुलींना मिळून दोन तृतीयांश, विधवेला एक अष्टमांश, उरलेलं भावाला. २४ भाग धरले तर प्रत्येक मुलीला ८, आईला ३ आणि भावाला ५. म्हणजे प्रत्येक मुलीचा वाटा काकाच्या वाट्यापेक्षा मोठा.

मूळ हिस्से असे. एकुलती मुलगी असेल आणि मुलगा नसेल तर तिला निम्मी मालमत्ता. दोन किंवा जास्त मुली असतील तर सगळ्यांना मिळून दोन तृतीयांश. मुलगाही असेल तर मुलाला दोन भाग, मुलीला एक. पत्नीला, नवऱ्याला मूल असेल तर एक अष्टमांश, नसेल तर एक चतुर्थांश. आईला, मृताला मूल असेल तर एक षष्ठांश.

समजा एक माणूस वारला आणि मागे पत्नी, आई, एक मुलगा, एक मुलगी आहेत. मालमत्तेचे ७२ भाग करा. पत्नीला ९, आईला १२. उरलेल्या ५१ पैकी मुलाला ३४, मुलीला १७.

पण ‘नेहमी निम्मं’ हे बरोबर नाही. मृताला मुलगा असेल तर त्याच्या आई आणि वडिलांना सारखाच, प्रत्येकी एक षष्ठांश मिळतो. एकाच आईचे पण वेगळ्या वडिलांचे भाऊ-बहीण वारस ठरले तर त्यांचेही वाटे समान असतात. भावंडांमधल्या दोनास एक या प्रमाणाचं पारंपरिक कारण असं देतात की घराचा खर्च, म्हणजे नफका, पुरुषावर आहे आणि स्त्रीची मिळकत फक्त तिची. हे कारण तिथेच टिकतं जिथे भाऊ किंवा नवरा तो खर्च खरोखर उचलतो. जिथे बहीणच घर चालवते, तिथे या युक्तिवादाचा पाया उरत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता हक्क कुठे बुडतो ते बघा. वाटपाचा क्रम ठरलेला आहे: आधी दफनाचा खर्च, मग कर्ज, मग मृत्युपत्र (तेही उरलेल्याच्या एक तृतीयांशापर्यंतच), आणि शेवटी वारसांचे हिस्से. मेहर म्हणजे लग्नात नवऱ्याने पत्नीला द्यायची ठरलेली रक्कम; न दिलेली मेहर हे नवऱ्यावरचं कर्ज आहे. ती विधवेला आधी द्यायची आणि तिचा अष्टमांश त्यानंतर वेगळा द्यायचा. अनेक घरांत दोन्ही एकातच धरतात आणि ती थेट नुकसानीत जाते. निकाहनाम्यात (लग्नाच्या करारात) मेहरीची रक्कम आणि किती दिली, किती बाकी, हे लिहिलेलं नसेल तर नंतर सिद्ध करणं कठीण होतं.

दुसरी गोष्ट ‘हक्कसोड’. वडील जिवंत असताना मुलीकडून लिहून घेतलेला हक्कत्याग शरियतप्रमाणे निरर्थक आहे, कारण तेव्हा तिचा हक्क निर्माणच झालेला नसतो. लग्नात खर्च केला म्हणूनही हिस्सा संपत नाही. बहिणीला खरंच भावाला द्यायचं असेल तर आधी हिस्सा मोजा, तिच्या नावावर करा, ताबा द्या; मग ती हवं तर देईल. ताब्याआधी, नातेवाइकांसमोर मिळवलेल्या होकाराला मी संमती मानत नाही.

देशोदेशी याची उत्तरं वेगळी निघाली. तुर्कस्तानने १९२६ च्या नागरी कायद्याने मुलगा-मुलगी समान केले. ट्युनिशियाने १९५६ मध्ये बहुपत्नीत्व बंद केलं, पण समान वारशाचा २०१८ चा प्रस्ताव तिथे कायदा होऊ शकला नाही. इजिप्तने २०१७ मध्ये शरियतचे हिस्से तसेच ठेवून वारसाचा वाटा जाणूनबुजून अडवणं गुन्हा ठरवला, शिक्षा किमान ६ महिने कैद, दंड किंवा दोन्ही. मला हे पाऊल फार मोलाचं वाटतं, कारण त्यात ‘धर्मात बदल’ असा आक्षेपच घेता येत नाही. जे आधीपासून लिहिलेलं आहे तेवढंच द्यायला लावलं जातं.