एचपी-६७ वर डेटा साठवायचाय? आधी रबर बघा

जुना एचपी-६७, म्हणजे चुंबकीय पट्टीच्या छोट्या कार्डावर प्रोग्रॅम आणि आकडे साठवणारा कॅल्क्युलेटर, हाती लागल्यावर लगेच कार्ड सरकवायचा मोह होतो. थांबा! हे यंत्र १९७६ चं. आत कार्ड ओढणाऱ्या चाकाचं रबर एव्हाना गुळाच्या पाकासारखं चिकट झालेलं असतं. कार्ड अडकतं, वर पट्टीला काळा राडा लागतो तो वेगळाच. माझं पहिलं कार्ड असंच गेलं. रबर बदलल्याशिवाय कार्ड घालूच नका. आणखी एक: बॅटरी काढून नुसत्या चार्जरवर यंत्र चालवू नका, आतलं सर्किट जाऊ शकतं.

आता डेटा. यात रजिस्टर, म्हणजे आकडे ठेवायचे कप्पे, २६. मुख्य १६ कार्डाच्या एका बाजूवर जातात, दुय्यम १० दुसऱ्या बाजूवर. स्विच रनवर ठेवा, एफ दाबून डब्ल्यू-डेटा दाबा, कार्ड सरकवा. पडद्यावर ‘सीआरडी’ अशी अक्षरं आली, तर काम अर्धंच झालंय. कार्ड उलटं फिरवून पुन्हा घाला. नवखे इथेच फसतात. यंत्र बंद केलं की स्मृती कोरी, मग अर्धा डेटा कुठून आणणार?

वाचताना काहीच दाबायचं नाही, रनवर कार्ड घातलं की झालं. कार्डावर प्रोग्रॅम आहे की आकडे, हे यंत्रच ओळखतं. तुम्हाला मात्र ओळखता यायला हवं, म्हणून कार्डावर पेन्सिलीने लिहा. कोपरा कापला की त्या बाजूवर पुन्हा लिहिता येत नाही. प्रोग्रॅमचा खुशाल कापा. रोज बदलणाऱ्या आकड्यांचा कापू नका.