गोव्यात लग्नं आणि तियात्रांत (कोकणी संगीत नाटकांत) बेस गिटार वाजवतो. वायरलेस सेट घेऊ की केबलच ठेवू?

तुम्ही लिहिलंय की बँडलीडरला स्टेजवर एकही वायर दिसायला नको आहे आणि तुमची केबल खरखरते, म्हणून वायरलेस घ्यावासा वाटतोय. ही दोन अगदी वेगळी दुखणी आहेत. खरखर केबलमुळे येत नाही, वाईट केबलमुळे येते. आधी ते निस्तरा.

आपल्याकडच्या खाऱ्या, दमट हवेत प्लगवर मळकट थर धरतो आणि गिटारच्या जॅकमधली पट्टी सैल पडते. आयसोप्रोपिल अल्कोहोलने प्लग पुसा, जॅक उघडून ती पट्टी किंचित आत वाकवा. निम्म्या तक्रारी इथेच संपतात. ओतीव प्लास्टिकचे प्लग उघडताच येत नाहीत, तशी केबल टाकून द्या. मीटरवर मिळणारी चांगली शिल्डेड वायर ६ मीटर घ्या, स्क्रूचं टोपण असलेले दोन प्लग घ्या आणि स्वतः सोल्डर करा. मधली तार टोकाला, जाळी बाहेरच्या भागाला. पुष्कळ वायरींत जाळीखाली काळ्या प्लास्टिकचा पातळ थर असतो. तो वीजवाहक असतो. तो मागेपर्यंत सोलला नाही आणि मधल्या टोकाला टेकला, तर सिग्नल गळतो आणि आवाज मेल्यासारखा येतो. वाजवताना केबल गिटारच्या खांद्यावरच्या पट्ट्यातून ओवून मगच जॅकमध्ये घाला, म्हणजे पाय पडला तरी ओढ जॅकवर येत नाही.

आता वायरलेस. माझं स्पष्ट मत आहे की लग्नाच्या स्टेजवर सगळ्यात शेवटी वायरलेस व्हावं ते बेसने. गिटारचा एखादा तुकडा गेला तर चालून जातं, बेसचे दोन ठोके गेले की नाचणाऱ्यांचे पाय थांबतात.

पर्वरीकडच्या एका लॉनवरच्या रिसेप्शनला हेच झालं. २.४ गिगाहर्ट्झचा सेट, जॅकमध्ये थेट खोचायचा ट्रान्समीटर, रिसीव्हर मागे अँपवर, अंतर जेमतेम ४ मीटर. दुपारी चार वाजता चेक केला तेव्हा सिग्नल एकदाही तुटला नाही. रात्री साडेआठला नाच सुरू झाला आणि दर मिनिटाला बेस गुल होऊ लागला. बॅटरी भरलेली होती, चॅनल बदलूनही फरक नव्हता. बोल मात्र बेसवाल्याला बसले.

कारणं तीन निघाली. पहिलं, ट्रान्समीटर पोटासमोर आणि रिसीव्हर पाठीमागे, म्हणजे मध्ये आख्खा माणूस. शरीरातलं पाणी २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी चांगल्याच शोषून घेतं. दुसरं, पाहुणे आले तसे शेकडो फोन आणि लॉनचा वायफाय त्याच लहरींच्या पट्ट्यात जागे झाले. तिसरं सगळ्यात मोठं. भिंतीलगतचे रंगीत दिवे वायरलेस डीएमएक्सवर, म्हणजे दिवे दुरून चालवायच्या यंत्रणेवर, होते आणि तेही २.४ वरच चालत होते. दिवसाउजेडी ते बंद होते, म्हणून चारचा चेक बिनकामाचा ठरला. दिव्यांचा ट्रान्समीटर तर बेसच्या रिसीव्हरपासून हातभरावर ठेवलेला होता.

रिसीव्हर काढून स्टेजच्या पुढच्या कडेला, छातीच्या उंचीवर, मायक्रोफोनच्या स्टँडला बांधला आणि तिथून ३ मीटरची केबल अँपपर्यंत नेली. तुटणं बरंच कमी झालं, पण थांबलं नाही. शेवटी ६ मीटरची केबल लावली आणि उरलेला कार्यक्रम एकही ठोका न गमावता पार पडला. त्या रात्री स्टेजवर ती एक वायर दिसली, कुणीही तक्रार केली नाही. ‘वायर दिसते’ हा मुद्दा मला त्यानंतर पटलेला नाही. तुमच्या बँडलीडरला काळी केबल आणि काळा गॅफर टेप (केबल जमिनीला चिकटवायचा कापडी टेप) दाखवा.

उलट बाजूने बोलणाऱ्यांचंही मला पटत नाही. ‘वायरलेसने बेसचा तळ जातो’ हे जुन्या अ‍ॅनालॉग सेटबद्दल बोललं जायचं आणि तिथे त्यात तथ्य होतं. ते पाठवताना आवाज दाबायचे आणि पलीकडे पुन्हा फुलवायचे, त्यामुळे लांब खर्ज सूर हेलकावायचा. चांगला डिजिटल सेट पाच तारांच्या बेसची ३१ हर्ट्झची बी तारही नीट पोचवतो. फरक पडतो तो वरच्या बाजूला. केबलमध्ये मीटरला साधारण १०० ते १६० पिकोफॅरड कपॅसिटन्स (वीज साठवण्याचा गुण) असतो, पॅसिव्ह, म्हणजे आत बॅटरी नसलेल्या, बेसचा वरचा टोकदारपणा तो खातो. वायरलेसवर ते होत नाही, म्हणून आवाज उघडा वाटतो. बॉस कंपनीच्या डब्ल्यूएल-२० या वायरलेस सेटमध्ये केबलचा तो मऊपणा मुद्दाम घातलेला आहे, डब्ल्यूएल-२०एल मध्ये नाही. बेस अ‍ॅक्टिव्ह, म्हणजे आत बॅटरी असलेला, असेल तर डब्ल्यूएल-२०एल घ्या. वायरलेसवर आवाज उशिरा पोचेल अशी भीती बाळगू नका. ५ मिलिसेकंद म्हणजे अँपपासून पावणेदोन मीटर मागे सरकणं. डिजिटल मिक्सर आणि वायरलेस इन-इअर (स्वतःचा आवाज ऐकायचे कानातले) यांचा उशीर त्यावर चढला तर मात्र बेरीज जाणवते.

तियात्रात बसून वाजवता, तिथे केबलच. लग्नात चार फुटांत उभे राहत असाल तरीही केबलच. नाचणाऱ्यांत उतरावं लागत असेल किंवा कार्निव्हलला फ्लोटच्या (चित्ररथाच्या) बाजूने चालत वाजवायचं असेल, तर वायरलेस जरूर घ्या. शक्यतो ५.८ गिगाहर्ट्झचा, किंवा शुअरच्या जीएलएक्स-डी प्लससारखा दोन्ही पट्ट्यांचा. ५.८ वर गर्दी कमी असते, पण माणसांतून तोही नीट जात नाही, तेव्हा रिसीव्हर समोर आणि उंच हवाच.

जनरेटरवर वाजवता तेव्हा वायरलेसचा एक खरा फायदा आहे. अर्थिंग नीट नसलं की तारेवर हात ठेवून माइकला ओठ लावताच झटका बसतो. केबल नसली की तो रस्ता तुटतो. तरी अर्थिंग करून घ्याच, गायकाला तो धोका उरतोच. शिवाय अर्थिंगच्या घोळातून येणारा ५० हर्ट्झचा गुंजारव ई तारेच्या तिसऱ्या फ्रेटच्या जीला, म्हणजे ४९ हर्ट्झला, अगदी खेटून असतो. तो सूर लांबवलात की सेकंदाला एक हेलकावा ऐकू येतो.

राहिलेलं: अ‍ॅक्टिव्ह बेसमध्ये ट्रान्समीटर खोचून ठेवला की ९ व्होल्टची बॅटरी रात्रभर उतरते, काम झालं की काढा. स्लॅप (अंगठ्याने तार आपटून) वाजवताना आवाज फाटत असेल तर ट्रान्समीटरचा इनपुट कमी करा. जुना ७०० मेगाहर्ट्झचा यूएचएफ सेट स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका, तो पट्टा २०२२ च्या लिलावात मोबाइलसाठी गेला आहे. आणि वायरलेस घेतलात तरी ६ मीटरची केबल अँपला टेकवून तयार ठेवा. बदलताना आधी अँप म्यूट करा, रिसीव्हरचा प्लग काढा, केबल आधी गिटारला मग अँपला लावा, शेवटी म्यूट उघडा. चालू अँपवर उघडा प्लग हाताला लागला तर त्या दणक्याने स्पीकर फाटू शकतो.