नवीन बास्केटबॉल कोचसाठी चार गोष्टी

संघ हातात आला की लगेच डावपेच शिकवायला घेऊ नकोस. आपल्या मराठवाड्यातली बरीच पोरं खो-खो, कबड्डीतून येतात. पळायला, वळायला चपळ, पण बॉल हातात आला की नजर बॉलवरच. ड्रिबल, म्हणजे बॉल जमिनीवर आपटत नेणं, करून घेताना मी समोर बोटं दाखवतो आणि किती ते ओरडून सांगायला लावतो. मान आपोआप वर येते. ले-अप, म्हणजे पळत रिंगजवळ जाऊन उडी मारून एका हातानं बॉल टाकणं, डाव्या हातानेही करून घे. कुरकुर करतील, करू दे.

बारा वर्षांखालच्यांना 7 नंबरचा बॉल देऊ नकोस, 5 नंबरचा दे. रिंग 3.05 मीटरवर, बॉल जड. मग पोरगं दोन्ही हातांनी खांद्यावरून फेकतं आणि ती खोड पुढे जाता जात नाही. मोठ्या मुलींना 6 नंबर.

संघ बांधायला भाषणं नकोत. कोर्ट झाडणं, बॉलमध्ये हवा भरणं याच्या पाळ्या लाव, पहिली पाळी कॅप्टनची. बास्केट झाली की पास देणाऱ्याकडे बोट दाखवायची सवय लाव. रागावून होत नाही ते काम यानं होतं. हुकमी खेळाडूला उशिरा यायची सूट दिलीस की बाकीच्यांचं मन उडालंच म्हणून समज.

एप्रिल-मेमध्ये सराव सकाळी सहालाच, पाण्याचा जार आधी भरून. दहावीवाल्यांच्या घरी स्वतः जा. लातूरला तर क्लासच्या वेळेशी भांडूच नकोस, सराव आगेमागे कर.