'विषारी दाह' लिहावं का?

भाऊ, तुम्ही विचारलं का पेपरात 'प्रतिकारशक्तीच्या संदेशवाहक रेणूंमुळे उंदरांमध्ये विषारी दाह' असं छापून आलं, तर उंदरांले विष पाजलं का, अन् दाह म्हणजे आग होणं का सूज येणं.

आधी दाह. कापूस वेचताना बोंडाचं वाळलं टोक नखाजवळ रुततं ना, दुसऱ्या दिवशी बोट लाल होते, गरम लागते, सुजते अन् रात्रभर ठणकते, हे चारही मिळून दाह. नुसती आग नाही अन् नुसती सूजही नाही, म्हणून दाह हाच शब्द ठेवावा, फक्त पहिल्यांदा लिहिताना ही लक्षणं सांगून टाकावी.

'विषारी' मात्र मला अजिबात पटत नाही. आपल्या यवतमाळकडे २०१७ ची फवारणीची विषबाधा लोक विसरले नाहीत, विषारी म्हटलं का औषधाचा डबाच डोळ्यापुढे येते. या प्रयोगांत बहुतेक वेळा उंदराले जिवाणूच्या आवरणातलं एन्डोटॉक्सिन टोचतात, मराठीत अंतर्विष. उंदीर केस पिंजारून कोपऱ्यात आखडून बसते, डोस मोठा असला तर मरते. पण मारते कोण? १९८५ मध्ये ब्रूस बॉयटलर अन् अँथनी सेरामी या शास्त्रज्ञांच्या टीमनं उंदरांना टीएनएफ नावाच्या सायटोकाईनला (सायटोकाईन म्हणजेच बातमीतले ते प्रतिकारशक्तीचे संदेशवाहक रेणू) अडवणारी अँटिबॉडी आधीच देऊन ठेवली अन् मग अंतर्विष टोचलं, तर बरेच उंदीर वाचले! विष तेच होतं, जीव घेत होता तो उंदराच्या शरीरानंच बेसुमार सोडलेला सिग्नल. उलट आयएल-१० हा सायटोकाईन आवर घालणारा, त्याचं जनुक काढलेले उंदीर कितीतरी कमी डोसमध्येच दगावतात. म्हणून मी तिथं 'अंतर्विषामुळे उठलेला घातक दाह' लिहीन, लांब आहे पण खरं आहे, अन् जागा नसली तर नुसतं 'घातक दाह'.

सायटोकाईनले मराठी शब्द शोधत बसू नका, करोनात 'सायटोकाईन स्टॉर्म' गावोगावी ऐकून झालं. टीएनएफचंही तेच. पूर्ण नाव ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर, १९७५ मध्ये उंदरांमधल्याच कॅन्सरच्या गाठी त्यानं मरताना दिसल्या म्हणून तसं पडलं, इथं 'गाठ मारणारा घटक' असं भाषांतर केलं तर वाचणारा बातमीत कॅन्सर शोधत बसेल.